मीठ आदल्या संध्याकाळी पडतं, आमचा जेसीबी दरडीनंतर येतो

आंब्याला मोहोर यायच्या दिवसांत हा पावसाळ्याचं काय घेऊन बसलाय असं वाटेल, पण मुद्दाम आत्ताच लिहितोय. जूनमध्ये लिहून काही उपयोग नसतो, तेव्हा नुसते खड्ड्यांचे फोटो आणि खाली शिव्या.

भाचा इंग्लंडला असतो. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाला, मामा आज रस्त्यावर मीठ पडणार. म्हटलं म्हणजे काय रे? मग त्याने सगळं सांगितलं, की रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, नंतर मी पण नेटवर वाचत बसलो.

तिकडची कौन्सिल म्हणजे आपली नगरपरिषद नाहीतर जिल्हा परिषद धरा. थंडीच्या आधीच खाणीतलं जाडं मीठ शेडमध्ये भरून ठेवतात. मग रोज हवामानाचा अंदाज बघायचा, काही रस्त्यांत तर सेन्सर बसवलेत, कारण हवा 3 डिग्री दाखवत असली तरी मोकळ्या आभाळाखाली रस्ता शून्याच्या खाली गेलेला असू शकतो. त्यावरून दुपारपर्यंत ठरवायचं आज मीठ टाकायच्या गाड्या काढायच्या की नाही, आणि काढायच्या तर बर्फ धरायच्या आधी. चौरस मीटरला साधारण 10 ग्रॅम, म्हणजे दोन चमचे मीठ! मिठाने पाणी गोठायचं तापमान खाली जातं, वरून गाड्यांची चाकं फिरली की ते नीट पसरतं. एकदा बर्फ धरला की तो वितळवायला कितीतरी जास्त मीठ लागतं, म्हणून आधी टाकायचं, साधा हिशोब. फारच कडाका पडला तर मीठ पण हात टेकतं ते सोडा. आणि 2003 साली त्यांनी हे कायद्यातच घातलं, की बर्फामुळे रस्ता धोक्याचा होऊ नये म्हणून जमेल तेवढं करणं रस्ता ज्याच्या ताब्यात त्याच्यावर बंधनकारक.

(या गाड्यांना नावं पण ठेवतात हो. डॉनकॅस्टरच्या कौन्सिलने 2017 ला लोकांकडून नावं मागवली, एकीचं नाव पडलं डेव्हिड प्लोवी, म्हणजे गायक डेव्हिड बोवी आणि बर्फ ढकलायचा 'प्लाऊ' यांची जोडणी. आमच्या जेसीबीला ठेवायचं तर 'निघालाय, वाटेत आहे'.)

पण मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. ते सगळ्या रस्त्यांवर मीठ टाकतच नाहीत! बसचे, हॉस्पिटलचे, मोठे रस्ते आधी, गल्लीबोळ बहुतेक नाहीतच. आणि हे लपवत नाहीत, सरळ नकाशा टाकतात, हा करणार, हा नाही करणार. कोपऱ्याकोपऱ्यावर मीठवाळूची पेटी ठेवलेली असते, तुमच्या गल्लीत तुम्ही टाका.

आता आपल्या कोकणात या. आपल्याला बर्फ नाही पण पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जूनमध्ये येणार हे शेंबड्या पोराला पण ठाऊक. त्यांचा बर्फ आज धरेल उद्या नाही, आमचा पाऊस कॅलेंडर बघून येतो तरी दरवर्षी आम्ही दचकतो.

आमच्या वाडीच्या उताराचं सांगतो. मे संपता संपता जेसीबी येतो, गटार उपसतो आणि उपसलेली माती तिथेच काठावर ढीग करून जातो. पहिल्या मोठ्या सरीत तीच लाल माती परत गटारात. गटार तुंबलं की पाणी रस्त्यावर, पाण्याबरोबर माती, मग बाईक म्हणजे साबणावर चालवल्यासारखी. त्यात साईडपट्टी केबलवाल्यांनी खणून वर नुसती माती लोटलेली, एसटीला साईड द्यायला खाली उतरलात की चाक रुतलंच. मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेच्या, तोंडात फाटी आणि प्लास्टिक. कागदावर मात्र गटार साफ.

दरड पण शेवटी पाण्याचीच गोष्ट. वरचा जांभा पाणी आत घेतो, खालची चिकणमाती ते धरून ठेवते आणि मग सगळंच घसरतं. पाणी वरच्यावर वळवायला चर असतात, ते मोकळे करायचे दिवस मे महिन्यातले, जुलैतले नव्हेत. डोंगर उभा कापला की काय होतं ते चिपळूणजवळच्या परशुराम घाटाखालच्यांना मी सांगायला नको.

महाडचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गेला, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे जमतं आपल्याला, माणसं गेल्यावर जमतं.

आता कोणीतरी लिहीलच की निधी नाही, हायवे केंद्राचा, घाट बांधकाम खात्याचा, आतला रस्ता जिल्हा परिषदेचा, पाखाडी (पायऱ्यांची वाट) ग्रामपंचायतीची, कोणाकोणाला विचारणार. अरे तिकडे पण मोठे हायवे कौन्सिलकडे नसतातच, आणि पैशाची बोंब तिकडे पण आहे. म्हणून तर ते काय नाही करणार ते आधी सांगतात. यादी करायला निधी लागत नाही.

पुढच्या वर्षाचा गावचा आराखडा थंडीतच ठरतो, मोऱ्या आणि गटारं त्यात आत्ताच घालून घ्या. आणि 1 मेच्या ग्रामसभेत एक कागद मागा. कुठलं गटार कधी उपसणार, माती नेऊन कुठे टाकणार, दरड आली तर फोन कोणाला करायचा, आणि कुठे तुम्ही काहीच करणार नाही. हा शेवटचा रकाना मला सगळ्यात जास्त हवाय. तो मे मध्ये कळला तर वाडीतली पोरं फावडी घेऊन स्वतः उतरतील. आत्ता पण उतरतात की, फक्त गणपतीच्या आदल्या आठवड्यात, मुंबईवाल्यांच्या गाड्या वर चढायला हव्यात म्हणून.