भिंत ते भिंत

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या ब्लॉकात खांब आणि भिंत यांच्यामध्ये एक रिकामी खाच आहे. तिथे पुस्तकांचं कपाट करायचं ठरलं. मिस्त्रींचा फोन आला, "साहेब, माप काढून ठेवा. टिंबर मार्केटला चाललोय, प्लाय कापूनच आणतो."

मी इंजिनिअर नसलो तरी मराठी माणूस आहे. माप काढण्यात काय आहे, असं मला वाटलं.

आईने कुणाची वाट न पाहता हात लावला. "पाच विती आणि वर दोन बोटं." शास्त्राप्रमाणे वीत म्हणजे १२ अंगुळं, म्हणजे ९ इंच, पण आईची वीत संधिवातानंतर ७ इंचांवर आली आहे. हे तिला सांगणार कोण? बायकोने शिवणाचा टेप काढला. त्याचे पहिले २ इंच कधीतरी कात्रीखाली गेलेत. ती म्हणाली, "३८ भरतात, त्यातले २ वजा कर." वजाबाकी करून मिळालेल्या मापावर माझा विश्वास नाही. चिरंजीव कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी घेऊन आले आणि प्रत्येक वेळी पेन्सिलची खूण जिथे केली तिथून जरा पुढेच पट्टी ठेवत राहिले. सहाव्या पट्टीनंतर आम्ही त्यांना अभ्यासाला पाठवलं.

मग मी माझा पोलादी टेप आणला. त्याच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, लुकलुक हलत होता. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला, असं समजून मी हातोडी शोधायला उठलो, तेवढ्यात मिस्त्रींचा पुन्हा फोन आला. ते कळवळून म्हणाले, "ठोकू नका! तो मुद्दाम ढिला असतो. कडेला अडकवला की त्याच्या जाडीएवढा बाहेर येतो, भिंतीला टेकवला की तेवढाच आत जातो. नाहीतर दर मापात एक-एक मिलिमीटर जाईल." मी हातोडी ठेवली. टेपची डबी भिंतीला नीट टेकवली, आकडा खांबाला, आणि डबीच्या तोंडाशी वाचलं : बरोब्बर ३३ इंच. सूतभरही इकडेतिकडे नाही. (मिस्त्रींच्या भाषेत ८ सूत म्हणजे एक इंच. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, पण प्लाय अजून ८ बाय ४ फुटांचा आणि जाडीला १९ मिलिमीटर असतो. साडी वारात, प्लॉट गुंठ्यात. आम्ही कुठलंच माप टाकून देत नाही.)

कपाट आलं. खाचेत सुरळीत गेलं. जरा जास्तच सुरळीत. एका बाजूला ३ इंचांची फट राहिली.

मिस्त्रींनी टेपची डबी उलटी करून माझ्यासमोर धरली. तळाशी एक बारीक आकडा छापलेला होता. तो मी मॉडेल नंबर समजलो होतो. ती डबीची स्वतःची लांबी असते. भिंत ते भिंत मोजताना ती वाचलेल्या मापात मिळवायची असते. ३३ आणि ३. बायकोची वजाबाकी बरोबर होती. आई काही बोलली नाही, फक्त वीत पसरून फटीकडे बघत राहिली.

त्या फटीचं माप घ्यायला चिरंजीवांनी माझ्या पाकिटातली पाचशेची नोट काढली. नोट १५ सेंटिमीटर लांब आणि ६.६ रुंद असते, हे त्यांना पाठ आहे. नोट आडवी धरून त्यांनी फटीत लावली, सोडली, आणि ती सरळ कपाटामागे गेली. पट्टी पुरेना. आईची वीत पुरेना. शिवणाचा टेप आत जाऊन मान टाकू लागला.

शेवटी पोलादी टेपच आत सरकवला. त्या हलत्या आकड्याला नोट तिसऱ्या खेपेला अडकली.

"बघ, ठोकला असतास तर?" बायको म्हणाली आणि नोट स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.