फोटो 8 एमबीचा, मग फोटोशॉप का रडतं?

'फोटोशॉप हँग होतंय? नवीन पीसी घेऊ नका, हे 5 उपाय करा' असा एक मेसेज सध्या फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला आणि चौथ्यांदा मावसभावाने पाठवला तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो. कारण तो बिचारा त्यातला पहिला उपाय करून बसलाय, 14 हजार घालवून. मेसेजमधले मुद्दे थोडक्यात असे: ग्राफिक्स कार्ड टाका, स्लोनेस गायब, फोटो 8-10 एमबीचा असतो, त्याला 8 जीबी रॅम (चालू काम ठेवायची तात्पुरती मेमरी) रग्गड, टेम्प आणि प्रीफेच फोल्डर रोज साफ करा, फोटोशॉपला मेमरी 100 टक्के द्या, आणि तरी नाही जमलं तर जुनं 7.0 टाका, नवीन व्हर्जन कंपनी मुद्दाम जड करते.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, खरी गोम तिथेच आहे. 8 एमबी ही डिस्कवरच्या जेपेगची साइज, म्हणजे घडी घालून ठेवलेली चादर. उघडला की फोटो पूर्ण पसरतो. 24 मेगापिक्सेल म्हणजे 6000 गुणिले 4000, 2 कोटी 40 लाख पिक्सेल, प्रत्येकाला लाल-हिरवा-निळा असे 3 बाइट, झाले 72 एमबी. 16 बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाला दुप्पट जागा देऊन, काम करत असाल तर 144. आणि हा एकच लेयर, म्हणजे एकावर एक रचायच्या थरांमधला एक थर हां. आता लग्नाच्या अल्बमचं 12 बाय 36 इंचाचं शीट घ्या, 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) ते होतं 3600 गुणिले 10800, म्हणजे नुसतं कोरं शीटच साधारण 117 एमबी. त्यावर टेक्स्चर, ग्रेडियंट, मागे ब्लर करून पसरवलेला नवरा-नवरीचा मोठा फोटो असे शीटभर लेयर टाकत गेलात की प्रत्येक जण तेवढीच जागा मागतो, सहा लेयरला 700 एमबी. शिवाय कंट्रोल झेड मारता येतं ते फुकट नाही, नवीन व्हर्जनमध्ये डिफॉल्ट 50 स्टेप लक्षात ठेवल्या जातात आणि अख्ख्या शीटवर ब्लर मारला की आधीची अख्खी अवस्था जपून ठेवावी लागते. अशी दोन-तीन शीटं उघडी, बाजूला क्रोममध्ये वीस टॅब आणि यूट्यूबवर गाणी. 8 जीबीत विंडोजचं स्वतःचं पोट भरून उरतं किती? फोटोशॉपची कंपनी अडोबी स्वतःच 8 ला किमान म्हणते आणि शिफारस 16 ची करते.

रॅम संपली की फोटोशॉप थांबत नाही, ते डिस्कवर लिहायला लागतं, त्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात. सगळं रडगाणं इथे सुरू होतं. रॅमचा स्पीड सेकंदाला हजारो एमबीमध्ये मोजायचा, जुनी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते आणि तेही सलग वाचलं तर, तुकड्या-तुकड्यात मागितलं तर अजून कमी. साटा केबलवर चालणारी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, पाचशेच्या आसपास. म्हणून ब्रश मारला की दोन सेकंदांनी उमटतो आणि पीसीमधून कुरकुर ऐकू येते.

आता कार्ड. मावसभावाकडे रविवारी गेलो, म्हटलं तुझं चालू शीट उघड. खाली डाव्या कोपऱ्यात झूमच्या टक्क्यांशेजारी फाइलची साइज दिसते, तिथला बारका बाण दाबला की एक यादी येते, त्यात एफिशियन्सी निवडलं. 61 टक्के! हा आकडा 100 असेल तर काम रॅममध्ये भागतंय, खाली घसरला की डिस्कवर सांडतंय. स्क्रॅच डिस्क कुठली, तर सी ड्राइव्ह, आणि सीवर मोकळी जागा 6 जीबी. त्यात 14 हजारांचं कार्ड काय करणार? कार्डाच्या खोक्यावरचे 4 जीबी कार्डाचे, ते रॅममध्ये मिळवले जात नाहीत. कार्ड बिनकामाचं आहे असं मी म्हणत नाहीये. झूम-पॅन मख्खन होतं, लिक्विफाय (फोटोतला आकार ढकलून बदलायचं टूल) आणि काही ब्लर त्यावर पळतात, आणि अडोबीच्याच लाइटरूममध्ये 2023 साली आलेलं, फोटोतले दाणे काढणारं एआय डीनॉइज तर चांगल्या कार्डाशिवाय घड्याळ बघायला लावतं. पण लेयर, ब्रश, फाइल सेव्ह ही रोजची हमाली मुख्यतः प्रोसेसर, रॅम आणि डिस्कचीच.

टेम्पचा मुद्दा अर्धा खरा आहे. फोटोशॉप क्रॅश झालं की त्याच्या टेम्प फाइली मागे पडून राहतात, कधीकधी कित्येक जीबीच्या, फोटोशॉप बंद करून त्या उडवल्या तर जागा नक्की मोकळी होते. प्रीफेचला मात्र हात लावायची गरज नाही, कुठला प्रोग्रॅम उघडताना काय काय वाचावं लागतं त्याची ती विंडोजची टिपणं असतात, पुसली तर पुढच्या वेळी उघडायला उलट उशीर.

मेमरी 100 टक्के, हे तर अजिबात करू नका. डिफॉल्ट 70 आहे ते उगाच नाही. सगळी रॅम फोटोशॉपला दिली तर विंडोज स्वतःचं सामान डिस्कवर टाकायला लागतं, म्हणजे एकाच डिस्कवर दोघांची मारामारी. 75-80 पर्यंत ठीक.

आणि 7.0. गल्लीतला पासपोर्ट फोटोवाला दाखवून सांगतात की बघा कसं भुर्रकन चालतं. अहो पण पासपोर्ट फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा, 300 डीपीआयला 413 गुणिले 531 पिक्सेल, तो कशावरही पळेल! 7.0 आलं 2002 मध्ये, तेव्हा त्याला 128 एमबी रॅम पुरायची. ते 32 बिट आहे, म्हणजे त्याला ठरावीक मेमरीच वापरता येते, तुम्ही 32 जीबी रॅम बसवा, ते 2 जीबीपुढे जाणारच नाही. विंडोजवर 64 बिट फोटोशॉप आलं सीएस4 पासून, 2008 मध्ये. नवीन व्हर्जन जड आहे हे मान्य, सुरू व्हायलाच वेळ खातं, पण मोठ्या शीटला जुनं हा उपाय नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: फॉन्ट. मराठी डिझाइनवाल्यांच्या पीसीत कुणीतरी पेनड्राइव्हवरून दिलेले हजारो फॉन्ट असतात, वापरात पंधरा. फोटोशॉप उघडताना आणि फॉन्टची यादी खाली ओढताना जी तंद्री लागते ती बरेचदा त्यांचीच.

मावसभावाने शेवटी 8 जीबीची अजून एक स्टिक टाकली, एसएसडी बसवली आणि स्क्रॅच तिच्यावर वळवली. तेच शीट उघडलं, एफिशियन्सी 100. सेव्हला अजून वेळ लागतो, कारण पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची लेयरवाली फाइल) सेव्ह करताना कॉम्प्रेस होते. प्रेफरन्सेसमध्ये ते बंद करता येतं, फाइल मोठी होते, पण तो म्हणाला राहू दे, तेवढ्यात चहा होतो. कार्ड दुकानदार परत घेईना, त्यावर आता त्याचं पोरगं गेम खेळतंय.