आई गेली, म्हणजे पुण्याला गेली

चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी सात वाजता मी आरशासमोर टाय बांधत होतो आणि पुण्याहून आईचा फोन आला. तिकडे पहाटेचे साडेपाच. म्हटलं नाताळच्या शुभेच्छा द्यायला केला असेल. तर म्हणाली, "अरे, मी कधी गेले?"

मी म्हटलं, कुठे गेलीस?

"ते तू सांग. तूच पाठवलंयस."

पाठवलं होतं खरं. आमच्या चर्चच्या रात्रीच्या उपासनेचं बुलेटिन, पीडीएफ, मोठ्या कौतुकाने आणि एक अक्षर न वाचता. शेवटच्या पानावर पॉइनसेटियाची यादी होती. इथे अमेरिकेत एपिस्कोपल चर्चमध्ये पद्धत अशी की नाताळला ऑल्टरभोवती, म्हणजे वेदीभोवती, लाल पॉइनसेटियाच्या कुंड्यांची आरास करायची आणि प्रत्येक कुंडी कोणीतरी कोणाच्या तरी नावाने द्यायची. कुंडीचे पंधरा डॉलर. फॉर्मवर दोन रकाने, एक 'स्मरणार्थ' आणि एक 'कृतज्ञतेने'. मी आईचं नाव कृतज्ञतेच्या रकान्यात लिहिलं होतं, शपथेवर सांगतो, कॅपिटल अक्षरांत. छापून आलं स्मरणार्थमध्ये. अकरा वर्षं मी ह्या चर्चमध्ये जातोय आणि अकरा वर्षांत आमचं आडनाव पहिल्यांदा बरोबर छापलं, ते मेलेल्यांच्या यादीत.

आईचा खरा राग वेगळाच होता. "माझ्या वरती हा बडी कोण आहे?"

बडी म्हणजे मागच्या बाकावर बसणाऱ्या एका कुटुंबाचा लॅब्रेडॉर. मार्चमध्ये वारला. मी म्हटलं, आहेत इथले एक ज्येष्ठ.

टाय तसाच लोंबकळत ठेवून गाडी काढली. उपासना साडेदहाला, मी नऊलाच पोचलो, कारण पॉइनसेटियाबाई तेव्हाच सापडतात. खरं नाव सांगत नाही, गावात राहायचंय मला. वय ऐंशीच्या पुढे, उंची पाच फुटाच्या आत, ऑल्टर गिल्डच्या सर्वेसर्वा. ऑल्टर गिल्ड म्हणजे ज्या बायका चर्चची चांदी घासतात, कापडं इस्त्री करतात, मेणबत्त्या बदलतात. चर्च रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, चालवतो असा रेक्टरचा समज आहे.

ह्या बाईंचा अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा तयारीचा काळ, आपल्याकडच्या सोवळ्याच्या वरताण. बाहेर मॉलमध्ये हॅलोविनची भुतं उतरायच्या आत जिंगलबेल सुरू होतं, पण चर्चमध्ये चोवीस तारखेपर्यंत एकही ख्रिसमस कॅरल म्हणायचं नाही, सजावट नाही, गव्हाणीत बाळ येशू ठेवायचा नाही (तो त्यांच्या पर्समध्ये असतो, रुमालात गुंडाळून, मी पाहिलाय). चार रविवारच्या चार मेणबत्त्या, त्यातली तिसरी गुलाबी. एका वर्षी माझ्या हातून दुसऱ्याच रविवारी गुलाबी पेटली तर त्या सगळ्यांसमोर उठून आल्या, फुंकर मारली, शेजारची जांभळी पेटवली आणि जागेवर जाऊन बसल्या. तोंडातून शब्द नाही. मी आजही मेणबत्तीजवळ गेलो की हात थरथरतात. आता नवे लोक म्हणतायत की अ‍ॅडव्हेंटचा रंग निळा हवा, जांभळा लेंटला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांना ठेवा, ह्यावर मीटिंगा झाल्या आहेत, दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. मला दोन्ही रंग चालतात. हे मी एकदा बोलून दाखवलं आणि दोन्ही घरांनी माझ्याशीही बोलणं सोडलं.

असो. बाई कुंड्या लावत होत्या. मी म्हटलं, यादीत चूक झालीय, माझी आई जिवंत आहे.

त्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली, दोन्ही हातांनी माझा हात धरला. "मला माहितीय डिअर. आपल्या हृदयात."

"नाही, हृदयात नाही. पुण्यात."

"ती आता अधिक चांगल्या ठिकाणी आहे."

आता ह्यावर पुणेकराने काय बोलावं? नाही म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, हो, पण तिथे तिला फोन आहे, आत्ता दोन तासांपूर्वी बोललो तिच्याशी. तर बाईंचा चेहरा इतका मऊ झाला की काय सांगू. "मीसुद्धा बोलते माझ्या नवऱ्याशी," म्हणाल्या. "रोज संध्याकाळी."

शेवटी फोन काढून आईचा फोटो दाखवला, सकाळचाच, नव्या साडीतला. बाईंनी चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, "पण मी तुला कॅसरोल दिलं होतं."

तेव्हा माझी ट्यूब पेटली.

आई मे महिन्यात आली होती, सप्टेंबरअखेर परत गेली. राहिली तोवर दर रविवारी चर्चला यायची. त्यात काही अवघडलेपण नाही, तिचा बाप्तिस्मा पुण्यातल्या पंचहौदातला, म्हणजे मूळचं अँग्लिकनच, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं घराणं, १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालेलं. एपिस्कोपल म्हणजे त्याच परंपरेची अमेरिकन शाखा, आमचं चुलत घरच. शिवाय ह्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली ख्रिस्त्यांकडे घेतलेल्या नुसत्या चहा-बिस्किटांवरून रानडे-टिळकांसकट भल्याभल्यांवर बालंट आलं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यामुळे चर्चमधलं खाणंपिणं ही आई गंमत समजत नाही. उपासनेनंतरच्या कॉफी अवरला लोक पाकिटातली कुकी ठेवतात हे पाहून तिने भर ऑगस्टात ऐंशी करंज्या तळल्या. गाव वेडं झालं.

ती परत गेल्यावरच्या रविवारी पॉइनसेटियाबाईंनी विचारलं, आई कुठे? मी म्हटलं, गेली. इंग्रजीत म्हटलं, पण मराठीत विचार करून म्हटलं. 'शी हॅज लेफ्ट अस.' वर उसासा टाकून, कारण खरंच घर सुनं झालं होतं. बाईंनी माझा हात दाबला. मंगळवारी दारात ट्यूना नूडल कॅसरोल, म्हणजे मासा आणि नूडल्स घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, वर लिलीच्या फुलांचं कार्ड. माणूस गेलं की इथे कॅसरोल येतं, हे मला कोणी सांगितलं होतं? आम्हाला वाटलं करंज्यांची परतफेड. दोन दिवस चवीने खाल्लं. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात चकल्या भरून दिल्या, आणि वर हसत हसत म्हटलं, पुन्हा केव्हाही!

म्हणजे ऑक्टोबरपासून हे सगळे लोक समजत होते की ह्याची आई वारली. आणि मी दर रविवारी कॉफी अवरला डोनट खात, फुटबॉलवर बोलत उभा. म्हणत असतील, पूर्वेकडची माणसं, किती स्थितप्रज्ञ.

चूक माझीही होती, कबूल. पण तीन महिन्यांत कोणी विचारलं नाही हो? काय झालं, कधी झालं, तू जाऊन आलास का? आपल्याकडे नको तितकं विचारतात, शेवटचा घास काय खाल्ला इथपर्यंत, मला त्याचा नेहमी वैताग यायचा. इथे नुसतं कॅसरोल. आणि बाई काय म्हणाल्या माहितीय? "तू म्हणालास ती इंडियात आहे, पण मला वाटलं तुम्ही लोक अस्थी तिकडे नेता." बोलणंच खुंटलं.

बुलेटिन बदला म्हटलं, तर दोनशे प्रती छापून झालेल्या. नाव खोडू म्हटलं, तर बरं दिसत नाही. "पुढच्या वर्षी बरोबर छापू," म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, "तोवर आहे ना तब्येत?" मग समजूत घालायला एक कुंडी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "हे लाल दिसतं ना, हे फूल नाहीच. पानं आहेत. फूल ते मधलं बारीक पिवळं." ह्यातून मी काय घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

रात्री आईने पुण्यातून लाइव्हस्ट्रीमवर स्वतःची कुंडी शोधली. तोपर्यंत तिने पीडीएफ मावश्यांच्या ग्रुपवर टाकलेली, गंमत म्हणून, आणि नागपूरच्या मावशीने वरची ओळ न वाचता 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून हात जोडले होते. तिच्याखाली आणखी नऊ जणांनी जोडले. त्यातल्या दोघांना आई त्याच रात्री पुण्यातल्या चर्चमध्ये भेटून आलेली होती.

परवाच्या रविवारी बुलेटिनमध्ये दुरुस्ती आली. पार्किंगमध्ये बर्फावर मीठ टाकले आहे, जपून चालावे, त्याच्या खाली बारीक टायपात: अमुक यांच्या मातोश्री हयात आहेत. लगेच फोटो काढून पाठवला. आईने तो ग्रुपवर टाकला. मावशीचा निरोप आला की आडनाव चुकलंय, ही दुसरीच कोणीतरी दिसते.