उन्हाने पिकण्याचा राजमार्ग

‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,’ असे वडीलधारी माणसे ज्या ठसक्यात ऐकवतात, त्या ठसक्याचा तुम्हाला हेवा वाटत असेल आणि तरीही अनुभव गोळा करीत बसण्याइतकी सवड नसेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. केसांचे काय असेल ते असो, कातडी मात्र उन्हाने खुशाल पिकते, आणि ऊन त्याचे दाम मागत नाही.

उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरणांच्या नादी फार लागू नये. त्यांनी त्वचा भाजते, लाल होते, आणि माणूस घाबरून सावलीत पळतो. ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीए किरण अधिक सभ्य असतात. ते त्वचेच्या आतल्या थरापर्यंत शिरून त्वचेला घट्ट आणि लवचीक ठेवणाऱ्या कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे धागे वर्षानुवर्षे बिनबोभाट विसविशीत करीत राहतात. खिडकीची साधी काच यूव्हीबीला बऱ्यापैकी अडवते, पण यूव्हीएला सहसा वाट देते. म्हणून खिडकीजवळची जागा कधीही सोडू नये. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१२ मध्ये एका ६९ वर्षांच्या गृहस्थाचे छायाचित्र छापले होते. त्यांनी २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवला होता आणि खिडकी डाव्या हाताला होती. परिणाम असा की उजवीकडून पाहिले तर पुतण्या आणि डावीकडून पाहिले तर काका. हे यश निम्मेच आहे, हे मान्य; पण तुम्हाला अधूनमधून जागा बदलायला कोणी मनाई केलेली नाही.

सनस्क्रीन अजिबात न लावल्यास घरचे बोलतील, तेव्हा ते लावावे, फक्त थेंबभर लावावे. बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप देऊन काढलेला असतो, पण तेवढा हात सैल कोण सोडतो? दर दोन तासांनी पुन्हा लावण्याची सूचनाही नजरेआड करावी. ढगाळ दिवशी तर बाटलीला सुट्टीच द्यावी, कारण पातळ ढगांतून बहुतांश अतिनील किरण खाली येतात आणि ऊन जाणवत नसल्याने शंकाही येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी नऊशेहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर साडेचार वर्षांत वार्धक्याची मोजण्याजोगी वाढ दिसली नाही. असले निराशाजनक वाङ्मय वाचू नये.

उन्हाला सिगारेटची जोड दिली तर काम झपाट्याने उरकते. धुरामुळे त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, कोलॅजन कुरतडणारी विकरे अंगात येतात, आणि झुरका घेताना दुमडलेले ओठ पुढे दुमड विसरतच नाहीत. एका ब्रिटिश डॉक्टरने १९८५ मध्ये अशा मुद्रेचे रीतसर वर्णन करून ठेवले आहे, म्हणजे तिला वैद्यकीय मान्यताही आहे. अतिरिक्त साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून ते ताठर करते, रहदारीचा धूर काळ्या डागांची बेगमी करतो, आणि जागरणाचे महत्त्व फोन हातात घेऊन हे वाचणाऱ्याला मी काय सांगावे? वर्ण सावळा असेल, तर मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य सुरकुत्यांच्या आड येते, पण डागांची आशा सोडू नये.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. बाही वर सरकवून दंडाची आतली बाजू पाहा आणि तिच्याशेजारी मनगटाची वरची बाजू धरा. जन्मतारीख एकच, पण दंड मऊ, एकसारख्या रंगाचा आणि नितळ. मनगट मात्र डागाळलेले, रेघारेघांचे. हा दंड कोणाच्या दृष्टीस पडला, तर ‘वयोमानाने होतेच’ ही तुमची सबब तिथल्या तिथे उघडी पडेल. तो झाकायला पूर्ण बाह्या घालाव्यात, तर मनगटाचे ऊनही बंद होते. या अडचणीवर मला अद्याप तोड सापडलेली नाही.