शून्य तिकीट, शून्य बिल

आज सकाळच्या खानापूर-बेळगाव बसमध्ये माझ्या आत्तीला एकाने सुनावलं. "फुकट गावलंय म्हणून उठसूट फिरूलेत बाया. पैसे भरणाऱ्यानं उभं राहायचं." आत्ती काही बोलली नाही. पिशवी उचलली, पिरनवाडीला उतरली आणि उद्यमबागेपर्यंत चालत गेली. मी मागे दांडीला धरून सगळं ऐकत होतो.

पिरनवाडीला उतरणं तिला नवं नाही. उद्यमबागेत एका कँटीनमध्ये ती भाकऱ्या थापते. 11 जून 2023 ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आली, त्याच्या आधी तिकिटाचे चार पैसे वाचवायला ती रोज तिथंच उतरायची. पावसाळ्यातसुद्धा. योजना सुरू झाल्यावर पहिल्यांदा कँटीनसमोर उतरली, तेव्हा मला मुद्दाम फोन केला होता. "आज साडीला चिखल लागला नाही गा."

त्या गृहस्थाला विचारायला हवं होतं, बाबा, तुझ्या घरचं लाईट बिल किती येतं? सरकारच्या गृहज्योती योजनेत घरच्या लाईटला 200 युनिटपर्यंत माफी आहे. माझं बिल शून्य येतं. घरात फ्रीज आहे, मिक्सर आहे, महिन्याचा पगार आहे. पण माझं फुकट भिंतीवरच्या मीटरमध्ये झाकलेलं. आत्तीचं फुकट कंडक्टर भरल्या गाडीत फाडून हातात देतो. म्हणून ती फुकटी आणि मी ग्राहक!

गाड्या भरून येतात, कॉलेजची पोरं दारात लोंबकळतात, हे खरं आहे. जानेवारी 2025 मध्ये तिकीट 15 टक्क्यांनी वाढलं, तेही बापयांच्याच खिशातून गेलं. मान्य. मग गाड्या वाढवा म्हणून डेपोत जाऊन ओरडा की. साठीच्या बाईवर कसला जोर?

घरच्या बाईला महिन्याला मिळणाऱ्या गृहलक्ष्मीच्या 2000 रुपयांवरही हीच बोंब. त्यानं गरिबी हटत नाही म्हणे. नसेल हटत. हप्ते रखडतात, आणि कन्नड कागदापायी आत्तीला तीन हेलपाटे पडले, तेही मी विसरलेलो नाही. पण पहिल्या हप्त्यातून तिनं चष्मा केला. तोवर तांदळातले खडे नात निवडून द्यायची. लेक महाराष्ट्रात, चंदगडात दिलेली, तिला तिकडं लाडकी बहीणचे 1500 आणि एसटीला अर्धं तिकीट. मायलेकी फोनवर आधी हप्त्याची चौकशी करतात, मग तब्येतीची. सीमेवरून भांडणाऱ्या दोन्ही सरकारांना ही एक गोष्ट मात्र सारखीच सुचली. मतांसाठी सुचली, ठाऊक आहे. सुचू दे.

चिडचिड खरी माझ्यावरच आहे. चार शब्द बोललो असतो तर काय झालं असतं?

संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आलो. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. मला वाटलं, विचारेल, गप्प का बसलास. तिनं बटव्यातून सकाळचं तिकीट काढलं, घडी उलगडून माझ्यापुढं धरलं.

"उद्यमबागेपर्यंतचं हाय बघ. मी मधीच उतरलो. सरकारचं नुकसान झालं काय गा?"