केळशी पॅकेजमध्ये नाही

फोंड्यात राहून फोंड्याचीच देवळं बघायला मी गेल्या आठवड्यात टुरिस्ट बसने गेले. हसू नका. जाऊबाईंच्या आई डोंबिवलीहून आल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. वय 76, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह माझ्या दुप्पट. कवळ्याची शांतादुर्गा त्यांची कुलदेवी, ओटी भरायचीच होती. नेमकी आमची गाडी गॅरेजात. माईंच्या नातवाने तिकडूनच फोनवर ‘एक दिवसाची टेम्पल टूर’ बुक करून टाकली, गाइडसकट. बस सुटणार पणजीहून. म्हणजे आम्ही पहाटे उठून फोंड्याहून पणजीला गेलो आणि तिथून तीच बस आम्हाला परत फोंड्याकडे घेऊन आली.

गाइड पोरगा गोड होता. पंचविशीचा असेल, हिंदीत भराभर बोलायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा. राग त्याच्यावर नाही, हे आधीच सांगते.

मंगेशीला पंचवीस मिनिटं मिळाली. त्यात काय सांगितलं? लतादीदींचं गाव, दीपमाळ सात मजल्यांची, फोटो इथून छान येतो, आत मोबाइल बंद, आणि ‘मंदिर साडेचारशे साल पुराना’. लतादीदींचं खरं, पण दीनानाथ इथे 1900 मध्ये जन्मले हे एका वाक्यात सांगता आलं असतं. आणि साडेचारशे वर्षं झाली ती देव इथे येऊन. आज दिसतं ते घुमटाचं, कमानींच्या खिडक्यांचं, झुंबरांचं देऊळ पुष्कळ नंतरचं, मराठ्यांच्या काळात वैभवाला आलेलं. बसमधल्या एका काकांनी विचारलंही, “हे चर्चसारखं का दिसतं हो थोडं?” चांगला प्रश्न होता. उत्तर मिळालं, “गोवा है ना अंकल!”

पुढचं मात्र मला सहन झालं नाही. मंगेशीहून निघालं की लगेच म्हार्दोळ. हमरस्त्याला लागून म्हाळसेचं देऊळ, आवारात कासवाच्या पाठीवर उभी असलेली ती पितळेची उंचच उंच समई, दाराशी जायांच्या फाती, म्हणजे जाईच्या फुलांच्या वेण्या, घेऊन बसलेल्या बायका. बस समोरून गेली, सरळ. गाइडने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर काजूच्या दुकानात आम्ही पाऊण तास होतो. घड्याळ लावून सांगते, पाऊण तास. देवाला पंचवीस मिनिटं आणि काजूला पंचेचाळीस!

कवळ्याला माईंची ओटी भरून झाली. देवीच्या दोन्ही हातांत साप आहेत. शिव आणि विष्णू यांचं भांडण तिने मिटवलं आणि दोघांना हातात धरलं, अशी श्रद्धा, म्हणून ती शांता. हे माई मला सांगत होत्या, गाइड नव्हे. शेजारी एक जोडपं देवीचा प्रसाद घ्यायला बसलं होतं. आमच्याकडे प्रसाद म्हणजे फक्त खायचा नसतो. मूर्तीला पाकळ्या लावतात, मनातला प्रश्न सांगून गाऱ्हाणं घालतात, आणि कुठली पाकळी पडते त्यावरून कौल समजतात. भटजी गाऱ्हाणं घालत होते, ती बाई डोळे मिटून, नवरा एकटक पाकळीकडे बघत. माई तिथेच थबकल्या. कुणीच हलेना. आणि बाहेर बसचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. पाकळी पडली की नाही ते आम्हाला आजवर माहीत नाही.

बसमध्ये चढताना माईंनी गाइडला विचारलं, “बाळा, केळशी कुठे लागते रे? सासूबाई म्हणायच्या, आपली देवी मूळची केळशीची.”

तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, “केलशी तो दापोली साइड है माँजी. रत्नागिरी. वो अपने पॅकेज में नहीं है.”

पोस्ट लिहायला बसले ती या एका वाक्यासाठी.

दापोलीलाही केळशी आहे, मान्य. पण या देवीची केळशी इथेच गोव्यात, जुवारी नदीच्या पलीकडे, कुठ्ठाळीच्या शेजारी. फोंड्यातल्या बहुतेक मोठ्या देवळांचे देव मुळात फोंड्याचे नाहीतच. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा, बांदिवड्याची महालक्ष्मी कोलव्याची. ही सगळी गावं ज्या सासष्टीत होती, ती 1543 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि त्याच दशकात तिथली देवळं शेकड्यांनी पाडली गेली. लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, आणले. तिथे राज्य कुणाचं? आदिलशहाचं! देवांना आसरा मिळाला तो विजापूरच्या सुलतानाच्या हद्दीत. इतिहास असा सोयीचा नसतो, म्हणूनच तो नीट सांगायला हवा. पुढे अठराव्या शतकात शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांनी पुढाकार घेतला आणि कवळ्याचं देऊळ उभं राहिलं. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती गेला तो 1763 मध्ये. तोपर्यंत त्यांचं ते पहिलं वेड ओसरलं होतं आणि देवळं शाबूत राहिली.

आणि या सगळ्या पाहुण्यांत एक घरचा यजमानही आहे, बांदिवड्याचा नागेश. तो मूळचा इथलाच. त्याच्या आवारात 1413 सालचा शिलालेख आहे, विजयनगरच्या काळातला. आत लाकडावर रामायणाचे प्रसंग आहेत, तळी तर बघत बसावी अशी. तोही पॅकेजमध्ये नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोंड्याच्या देवळांची सहल फोंड्यात सुरू करणं चूक आहे. ती कुठ्ठाळी-केळशीला सुरू व्हायला हवी. आधी ती जागा दाखवा जिथे देव होते, मग नदी दाखवा, मग देऊळ. तरच देवळाभोवतीच्या त्या अग्रशाळांचा, म्हणजे भक्तांच्या उतरायच्या खोल्यांचा, अर्थ लागतो, की एवढ्या खोल्या कशाला बांधल्या, आणि चारशे वर्षांनंतरही कुठ्ठाळीच्या देवाचे महाजन, म्हणजे देवस्थानाची मूळ घराणी, मुंबईहून, मंगळूरहून मंगेशीच्या प्रियोळला का येतात. चारच देवळं करा. दुपारी एखाद्या अग्रशाळेत वरण-भात, खतखतें, मणगणें जेवू घाला. काजू संध्याकाळी घेतील लोक, कुठे पळून जात नाहीत.

‘टुरिस्टांना एवढं नको असतं’ हे मला कुणीतरी कमेंटमध्ये सांगणारच. त्या बसमध्ये चर्चसारखं का दिसतं म्हणून विचारणारे काका होते, केळशी विचारणाऱ्या माई होत्या. पुढच्या सीटवरची नाशिकची मुलगी जायांची फाती बघून “अय्या, थांबा ना” म्हणाली होती. लोकांना नको असतं की कुणी देत नाही?

आणि आपणही काय शहाणे आहोत? माझं लग्न होऊन फोंड्यात येऊन 31 वर्षं झाली. माईंनी विचारेपर्यंत मीही केळशीला गेले नव्हते. महिन्यातून एकदा कवळ्याला जाते, तरीही.

दोन दिवसांनी आमची गाडी गॅरेजातून सुटली. माईंना घेऊन मडकईच्या धक्क्यावर गेले आणि फेरीबोटीत गाडी चढवली. जुवारी तिथे चांगली रुंद आहे, खाली लांबवर नवा पूल दिसतो, काठाला खारफुटी. पलीकडे कुठ्ठाळी. तिथून केळशी जवळच. देवळाच्या मूळ जागेला देऊळभाट म्हणतात, ते विचारत विचारत गेलो. माईंनी पर्समधून पुरचुंडी काढली. ओटीतून परत मिळालेले तांदूळ होते. त्यातले चार दाणे तिथे ठेवले, बाकीचे पुन्हा बांधून घेतले. बोलल्या काहीच नाहीत.

परतीच्या फेरीत त्या गाडीतून उतरून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बघते तर चपला काढून बाजूला ठेवलेल्या. लोखंडी पत्रा उन्हाने तापला होता.

“माई, पाय भाजतील.”

“अगं, इथूनच नेली ना तिला,” त्या म्हणाल्या.

शेजारी स्कूटरवर मासळीची पाटी घेऊन एक बाई होती. तिने माईंच्या पायांकडे बघितलं, पाटी जरा मागे ओढली आणि स्कूटरच्या सावलीत त्यांना जागा करून दिली.