कार्टून बघून रडणाऱ्यांसाठी

आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला. मुंबईतला सोफा, सोफ्यावर 8 वर्षांची पोर, समोरच्या टीव्हीवर ‘बोल्ट’. तो पांढरा कुत्रा चुकून हॉलिवूडहून न्यूयॉर्कला पोचतो, अख्खी अमेरिका तुडवत आपल्या पेनीकडे परत येतो आणि बघतो तर काय, पेनीने त्याच्याचसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याला कवटाळलंय. बरोबर तिथे ही पोर हुंदके देऊन रडतेय. खाली आईने लिहिलंय, ‘आमचं पिल्लू किती हळवं आहे बघा!’ पुढे तीन लाल बदाम.

तेव्हा त्या पिल्लाचा कुत्रा माझ्या पडवीत गोणपाटावर पडून स्वतःची पाठ चावत होता. गोचिडी.

ब्रुनो तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, त्याचे फोटो टाकते मी. तो माझा नाही, हे मात्र आजवर लिहिलं नव्हतं. शेजारच्या बंद घरातली माणसं मे महिन्यात आली, आंबे-फणस खाल्ले, समुद्रावर फोटो काढले आणि मृग लागायच्या आत गेली. जाताना ब्रुनो इथेच. ‘ताई, गावाला मोकळा राहील हो. फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात.’ सोबत त्याच्या खाण्याची एक पिशवी, एक लाल पट्टा, एक रबरी चेंडू. पिशवी जूनमध्येच संपली. चेंडू विहिरीत आहे.

मोकळा म्हणजे काय ते मी बघितलं. पहिल्या गडगडाटाला लॅब्राडोरसारखं एवढं मोठं जनावर माझ्या शिलाई मशीनखाली घुसून थरथरत होतं. वाडीतल्या पाच कुत्र्यांनी त्याचा कान फाडला, कारण त्याला भांडता येत नाही. तो त्यांच्याकडे शेपूट हलवत गेला होता.

आणि बाईसाहेब मला कार्टून पाठवतात. चित्रातल्या कुत्र्यासाठी रडणं सोपं हो. त्याच्या गोचिडी काढाव्या लागत नाहीत.

मान्य, मुंबईत सोसायटीवाले छळतात, लिफ्टमध्ये घेऊ देत नाहीत. मग आणायचा कशाला?

असो. माझ्या आबांचा डाग्या होता. पांढरा, डाव्या डोळ्यावर काळा डाग, म्हणून डाग्या. आबा एसटी पकडायला निघाले की हा तिठ्यापर्यंत सोबत. गाडी आली की आबा एवढंच म्हणायचे, ‘डाग्या, घराक जा.’ तो वळायचा. संध्याकाळी गाडीच्या वेळेला पुन्हा तिठ्यावर हजर. गाडी उशिरा आली तर आम्हाला घरी कळायचं, कारण डाग्या परतलेला नसायचा. एवढा जीव. आणि आबा गेल्यावर काय केलं त्याने? बंदरावर जाऊन राहिला. जिथे पेडव्यांच्या, म्हणजे बारक्या मासळीच्या, टोपल्या उतरतात, तिथे. तिठ्यावर एक दिवस बसला नाही. मी कित्येक वर्षं हे लोकांना सांगत आले, सिनेमात दाखवतात ते सगळं खोटं, कुत्रा शेवटी पोटाचा.

पुन्हा येते डाग्याकडे.

कुत्र्यांची कार्टूनं मी पोरीच्या निमित्ताने बघायला लागले, आता पोर पुण्याला शिकायला गेली तरी बघते. हसा. माझं म्हणणं असं की खऱ्या कुत्र्याला घेऊन केलेल्या सिनेमात तो कुत्रा बघत असतो कॅमेऱ्याशेजारी बिस्कीट धरून उभ्या असलेल्या माणसाकडे, आणि आपण समजतो की तो नायकाकडे प्रेमाने बघतोय. चित्रातल्या किंवा मातीतल्या कुत्र्याची नजर कुणीतरी बसून घडवलेली असते, सेकंदाला 24 चौकटी. ज्याने कुत्र्याकडे नीट बघितलंय त्यालाच ते जमतं. तो ग्रॉमिट घ्या. प्लॅस्टिसिनचा कुत्रा, त्याला तोंडच नाही. बोलणं नाही, सगळा कारभार कपाळाच्या एका घडीवर. 1993 च्या ‘द राँग ट्राउझर्स’मध्ये त्याचा मालक वॉलेस पैशांची ओढाताण झाली म्हणून एक पेंग्विन भाडेकरू ठेवतो, आणि तो पेंग्विन ग्रॉमिटचीच खोली बळकावतो. ग्रॉमिट भांडत नाही. सामान बांधतो आणि घर सोडतो. (मी पर्यटकांना खोल्या भाड्याने देते, त्यामुळे हा प्रसंग मला जरा जास्तच लागतो. ‘कुत्र्याला पडवीत येऊ देऊ नका’ म्हणणारे पेंग्विन मी पुष्कळ बघितलेत.)

तिथे इमान सुटलं ते वॉलेसचं. कुत्र्याचं होतं तिथेच आहे. ‘बोल्ट’मध्ये तेच, कुत्रा आला, पेनीच्या हातात दुसरा. पेनीचा दोष नव्हता, तिला त्यात ढकललेलं होतं, ठीक आहे. आणि वेस अँडरसनचा 2018 चा ‘आइल ऑफ डॉग्ज’ बघा. महापौर शहरातले सगळे कुत्रे कचऱ्याच्या बेटावर हाकलतो. त्याच महापौराच्या घरात वाढणारा 12 वर्षांचा अटारी एकटा विमान घेऊन त्या बेटावर उतरतो, कशासाठी, तर आपल्या स्पॉट्सला शोधायला. पोरगा जातो कुत्र्याला आणायला! कुत्र्याने परत यायची वाट बघत सोफ्यावर रडत नाही बसत.

आपल्याकडे हे फार आधी सांगून ठेवलंय. युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात अडून बसला, कुत्रा आत येणार नसेल तर मीही येत नाही. तो कुत्रा म्हणे धर्म निघाला. ते नंतर. युधिष्ठिराला कुठे माहीत होतं? त्याच्या लेखी ते वाटेत मागे लागलेलं एक कुत्रं होतं.

आणि या लोकांना तर विमानही नको, स्वर्गही नको. कोकण रेल्वे 1998 पासून सबंध मार्गावर धावतेय. फर्स्ट एसीचा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये ठेवा. अमेरिका तुडवायची नाहीये, कुडाळ ते ठाणे!

इथवर लिहून मी जेवायला उठले होते. मघाशी त्या बाईंचं नाव टाकून टॅग केलं होतं, ते आता काढलं. का, ते सांगते, कारण डाग्याची गोष्ट मी वर अर्धीच सांगितली. नेहमी अर्धीच सांगते.

1999 च्या नोव्हेंबरात आबांना मुंबईला न्यावं लागलं. मीच नेलं. घाईत घराला कुलूप लावलं, शेजारच्या काकीला म्हटलं, डाग्याला भाकरी टाकत जा. आम्ही तिठ्यावर गाडीत बसलो तेव्हा तो खाली उभा होता. आबांना तोंडातून शब्द काढायचं त्राण नव्हतं, ‘घराक जा’ कुणी म्हटलंच नाही त्याला. गाडी निघाली तरी तो उभाच. मागच्या काचेतून मला दिसत होता. मी मान वळवली.

मुंबईत आबा दोनदा विचारत होते, ‘डाग्याक कोण घालता?’ मी म्हणायचे, काकी घालते. मी काकीला एकदाही फोन केला नव्हता. तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, हे खरं आहे. वाण्याकडे होता, हेही खरं आहे.

पाच आठवड्यांनी मी परतले, आबांशिवाय. घर बंद, खळ्यात पाचोळा, डाग्या नाही. काकी गडग्यापलीकडून म्हणाली, ‘अगो, तुझो कुत्रो बंदरार आसा. थंय पेडवे गावतत, हयसर तेका कोण देता?’ मी बंदरावर गेले. तो टोपल्यांच्या कडेला बसला होता, अंगाने चांगला भरलेला. मला बघितलं. दोनदा शेपूट हलवली. उठला नाही.

आणि मी त्यालाच बेइमान म्हणत आले. वीस-पंचवीस वर्षं, चारचौघांत, चहा पिताना.

टिम बर्टनचा 2012 चा ‘फ्रँकनवीनी’ आहे ना, काळा-पांढरा, त्यातला व्हिक्टर आपल्या मेलेल्या स्पार्कीला उकरून काढतो आणि विजेच्या लोळाने उठवतो. लोकांना ते भुताखेतांचं गमतीदार प्रकरण वाटतं. पण स्पार्की गाडीखाली येतो तो व्हिक्टरनेच टोलवलेल्या चेंडूमागे धावताना. मला दर वेळी तो चेंडूच दिसतो.

तर दुपारी मी त्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. भांडायलाच लावला होता. पोरीनेच उचलला. ‘ब्रुनोऽऽ!’ तो ताडकन उठला. पडद्याकडे बघितलंही नाही त्याने. फोनच्या मागे जाऊन शोधलं, माझं कोपर हुंगलं, मग खळं ओलांडून पावसात गेटपर्यंत गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. पोर आधी हसली. मग म्हणाली, ‘आई, तो मला बाहेर शोधतोय.’ आईचा आवाज आला, ‘रेंज नाहीये गं तिकडे, ठेव.’ रेंज व्यवस्थित होती.

तो तासभर तिथेच उभा होता. मी छत्री घेऊन गेले, आला नाही. ‘घराक जा’ म्हटलं, पण त्याला मालवणी कुठली कळायला.

पुढे काय करायचं ते रात्री ठरवते. कुडाळहून कुणी जाणारं असेल तर सांगा.

डाग्याचं एवढंच राहिलं. दोन वर्षांनी आबांचा पहिला म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, घातला. वडे, काळ्या वाटाण्याची सांबारी, खीर. गाईचं पान झालं, कावळ्याचं झालं, कुत्र्याचं पान घेऊन मी खळ्यात उभी आणि वाडीतलं एक कुत्रं फिरकेना. (2017 च्या ‘कोको’त मिगेल या पोरासोबत तो बिनकेसांचा कुत्रा दांते मेलेल्यांच्या जगात जातो, ते बघताना मी टीव्हीपुढे मोठ्याने ‘अगो आई’ म्हटलं होतं. मेक्सिकोतही जुनी समजूत आहे, मेलेल्याला पलीकडे पोचवायला कुत्रा लागतो.) काकी म्हणाली, ठेव पान आणि ये आत. मी ठेवलं आणि दाराआड थांबले.

डाग्या आला. बंदराकडून, भिजलेला, एक पाय ओढत. पान हुंगलं, आधी खीर चाटून संपवली, मग वडा तोंडात धरला. मी बाहेर येऊन हाक मारली. तो थांबला, वडा तसाच तोंडात, दोनदा शेपूट हलवली, आणि बंदराच्या वाटेला लागला.